अनुदानाचा फलक आणि दोन खिडक्या

आमच्या तालमीला सरकारी अनुदान मिळालं आणि ते चक्क खर्चही झालं. तेही ज्या कामासाठी मिळालं त्याच कामावर. हे मी मुद्दाम सुरुवातीलाच लिहून ठेवते, कारण पुढचं वाचून कुणाला वाटेल की पैसे खाल्ले असणार. नाही हो. पैसे कुणी खाल्ले नाहीत. खाल्ले असते तर निदान मला भांडायला सोपं गेलं असतं.

काम होतं अभ्यासिकेचं. तालमीच्या वरच्या मजल्यावर जुने ढोल, गणपतीचे पडदे आणि मोडक्या खुर्च्या पडून असायच्या. ते सगळं हलवून तिथं टेबलं आली, पंखे आले, पुस्तकांचं कपाट आलं. रस्त्याच्या बाजूला दोन मोठ्या खिडक्या होत्या, त्यांना नव्या काचा बसल्या. पेठेतल्या पोरींनी स्पर्धा परीक्षांचा अभ्यास तिथं करायचा असं ठरलं. त्या पोरींत सगळ्यांत थोरली मी. माझी वयाची मर्यादा संपत आलेली आणि परीक्षेची ही शेवटची खेप. या खेपेला आपटले तर उरलेला जन्म दवाखान्याच्या काउंटरवर "नंबर आला की बोलावते" म्हणत काढायचा, हे मला स्वच्छ दिसत होतं. दुपारनंतर तेच काम मी करत होते. सकाळ तेवढी अभ्यासाची. घरात दोन खोल्या, सहा माणसं आणि एक टीव्ही, जो सहाही जणांपेक्षा जास्त बोलतो. खाजगी अभ्यासिकेची फी परवडणारी नव्हती. म्हणजे तालमीची माडी हाच काय तो माझा आधार.

सुरुवातीचे महिने सुखाचे गेले. खिडक्या पूर्वेच्या, त्यामुळं सकाळचा उजेड थेट पुस्तकावर पडायचा. वारा असायचा. खालून कसरत करणाऱ्या पोरांचे हुंकार यायचे, पण त्यांची सवय झाली.

मग नियम आला. ज्या संस्थेनं सरकारी अनुदान घेतलंय तिनं दारात फलक लावायचा. कुठल्या निधीतनं मिळालं, किती मिळालं, कशासाठी आणि खर्च कसा झाला, सगळं जाहीर करायचं. लोकांनी ते वाचावं आणि प्रश्न विचारावेत, हा हेतू. हेतू फार उत्तम होता. तो ठरवणारा माणूस कोल्हापूरचा नसणार, एवढंच.

कारण आमच्याकडं लोक फलक वाचत नाहीत, मापतात.

तालमीचे अध्यक्ष म्हणजे माझे सख्खे चुलते. नियम ऐकून ते आधी भडकले. "आमचा हिशोब रस्त्यावर कशाला मांडायचा? आमी काय चोर हाय?" पण नियम तो नियम, म्हणून दाराशेजारी एक छोटा पत्रा ठोकला. त्यावर हिशोब अगदी नीट लिहिलेला, पैसा न् पैसा. कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. तिथंच हे थांबलं असतं तर किती बरं झालं असतं!

पण आमच्यासमोर, रस्त्याच्या पलीकडं, जरा चौकाच्या अंगाला, दुसरी तालीम आहे. त्यांची आणि आमची ईर्षा माझ्या जन्माच्या आधीपासूनची. फुटबॉलला ईर्षा, गणपतीच्या मिरवणुकीत ईर्षा, दहीहंडीला ईर्षा. त्यांनाही अनुदान मिळालेलं, समाजमंदिरासाठी, आणि आकडा आमच्याहून मोठा. त्यांनी आमच्या पत्र्याच्या तिप्पट फलक लावला. सगळी पेठ बघायला जमली. समाजमंदिराचं काम कुठवर आलंय, असं एकानंही विचारलं नाही. तिथं अजून नुसता खड्डा होता, पण ते जाऊ दे. सगळ्यांचा प्रश्न एकच: "त्यांचा आपल्यापेक्षा मोठा कसा?"

काकांच्या घशाखाली घास उतरेना. "आपला आकडा बारका हाय, ते आपल्या हातात न्हाय," ते म्हणाले, "पण फलक बारका का म्हणून?" वर्गणी काढली. अनुदानाच्या पैशाला हात लावला नाही, तेवढं इमान. वेल्डर आला, लोखंडी सांगाडा तयार झाला आणि त्यावर तालमीच्या अख्ख्या दर्शनी भिंतीएवढा फलक चढला. वर नेतेमंडळी, खाली गॉगल लावून सगळे पदाधिकारी, आणि त्यांच्यामधून जागा मिळेल तिथं बारीक अक्षरात हिशोब. फटाके फुटले, हलगी कडाडली. पोरं नाचत ओरडत होती, "नाद न्हाय करायचा!" हिशोब जाहीर झाल्याच्या आनंदात माणसं नाचताना मी तेव्हा पहिल्यांदाच पाहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी माडीवर गेले तर आत मिट्ट काळोख. दोन्ही खिडक्यांवर फलक बसला होता. लोकांना सगळं दिसावं म्हणून लावलेल्या फलकामुळं आम्हाला पुस्तक दिसेना. माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की विचारू नका! तशीच खाली उतरले.

"काका, खिडक्या झाकल्या की वो!"

"मग लाईट लाव की."

"दिवसाढवळ्या?"

"काय बिघडलं? बिल तालीम भरत्या."

"आणि वारा कुठनं आणायचा?"

"पंखं दिल्यात न्हवं सरकारनं? वाच की, फलकावर लिवलंय."

उन्हाळा चढला. माडीचा तवा झाला. वीज गेली की आम्ही वह्यांनी वारा घेत अंधारात बसायचो. एकेक पोरगी येईनाशी झाली. मला जायला दुसरीकडं जागाच नव्हती, म्हणून मी टिकून. पण तासाभरात डोकं ठणकायला लागायचं आणि वाचलेलं काही ध्यानात राहायचं नाही. परीक्षा जवळ येत होती आणि मी मागं मागं चालले होते.

शेवटी मी अनुदान देणाऱ्या कचेरीत तक्रार केली. तपासणीला एक साहेब आले. फलक बघून त्यांचे डोळे भरून यायचेच काय ते बाकी राहिले. "अशी पारदर्शकता मी कुठंही पाहिली नाही!" काकांना मिठी मारली. फलकासमोर उभं राहून फोटो काढून घेतला. मी जिन्यात उभी होते. म्हटलं, "साहेब, जरा वर या. अभ्यासिका बघा."

"वर काय बघायचं, ताई? सगळं फलकावर आहे की."

आणि गेले. तालमीला त्यांच्याकडनं कौतुकाचं पत्र आलं. काकांनी ते मोठं करून फलकावर चिकटवलं.

त्या दिवशी मी घरी येऊन रडले. दुःखानं नाही, रागानं. टीव्ही चालूच होता, त्यामुळं कुणाला ऐकू गेलं नाही. रडून झाल्यावर मला उमगलं की मी वेड्यासारखी उजेड मागत बसलेय. उजेड कुणाला हवाय? पेठेत मागायचं असेल तर ईर्षेच्या भाषेत मागावं लागतं.

सकाळी काकांना गाठलं. "काका, तुमचा फलक वाया गेला बघा. समोरच्या तालमीच्या कट्ट्यावरनं निम्मासुद्धा दिसत न्हाय."

काकांच्या हातातला चहा तसाच राहिला. "काय सांगतीस?"

"चौकाच्या अंगाला सरकवा. मग त्यांना दारात तोंड धुतानाही अख्खा दिसंल."

काका स्वतः पलीकडं जाऊन उभे राहिले. डोकं वाकडं करून, एक डोळा मिटून बघून आले. वेल्डर पुन्हा आला. फलक सरकला, भिंतीबाहेर पाच-सहा हात लोंबकळू लागला आणि अभ्यासिकेची एक खिडकी मोकळी झाली. एकच. पण ती उघडली आणि आत वारा शिरला तेव्हा मी मोठ्यानं हसले. गेलेल्या पोरी परत आल्या. एका खिडकीला सगळी टेबलं चिकटवून, कोपराला कोपर लावून आम्ही अभ्यास केला.

मी पास झाले.

मग काय, तालमीत सत्कार! फेटा, हार, हलगी. चौकातनं मला वाजत गाजत आणली. सगळे म्हणाले, वर बघ. वर बघितलं तर मोकळ्या खिडकीवर दोऱ्यांनी ताणून बांधलेल्या कापडी फलकावर माझं तोंड. खिडकीच्या चारही कडा झाकून उरेल एवढं मोठं तोंड, खाली लिहिलेलं: "तालमीच्या अभ्यासिकेची शान".

काका शेजारी आले. "समोरच्यांचं पोरगं नुस्ती लेखी पास झालतं, तर त्यांनी त्याचा फलक लावलाता. त्याच्यापरास दुप्पट केलाय तुझा."

तेवढ्यात माडीवरनं एक पोरगी खाली आली. ओढणीनं मान पुसत म्हणाली, "ताई, अभिनंदन हं." तिची परीक्षा पुढच्या आठवड्यात होती. मी विचारलं, "वर किती जणी आहात?" ती म्हणाली, "मी एकटीच. बाकीच्या गेल्या. वर लई उकडतंय."

हाराचा दोरा कापायला ठेवलेली कात्री मी ताटातनं उचलली आणि फेट्यासकट जिना चढले. आतनं हात घालून दोऱ्या कापल्या. माझं तोंड सळसळत खाली गेलं आणि हलगीवाल्यांच्या डोक्यावर पडलं. हलगी थांबली.

"अगं, खुळी झालीस काय?" खालनं काका ओरडले. "तुझाच फोटो हाय की त्यो!"

"माझाच हाय म्हणून कापला!" मीही तितक्याच मोठ्यानं ओरडले. "दुसऱ्याचा असता तर तुम्ही कापू दिला असता का?"

माझ्यामागनं ती पोरगी वर आली. तिनं ट्यूबलाईट बंद केली, टेबल ओढून खिडकीपाशी आणलं आणि मला म्हणाली, "ताई, जरा बाजूला व्हता का? उजेड अडतोय."