यार्नोल्ड नावाच्या सुया

केझाया यार्नोल्डच्या शेजारी बसून मी अकरा वर्षं सुया पारखल्या. इंग्लंडातल्या आमच्या रेडिच गावात तेव्हा घरोघरी सुईचंच काम. यार्नोल्डांचा कारखाना तिच्या आजोबांनी परसातल्या शेडमध्ये सुरू केला. त्यांचा धाकटा भाऊ टोकं घासायचा. पोलादाची धूळ छातीत साचून तो तिशीतच गेला. केझायाच्या वडिलांनी कारखाना वाढवला. तापलेल्या सुईला चिवट करणारं पाणी कसं द्यायचं, हे त्यांनी केझायालाच शिकवलं. तिचा भाऊ एडमंड भट्टीपाशी टिकतच नसे.

वडील गेल्यावर कारखाना दोघांच्या नावावर झाला; एडमंडनं कचेरी धरली, केझायानं भट्टी. एका चांगल्या माणसानं लग्नाचं विचारलं, तर म्हणाली, "भट्टी कोणावर सोडू?"

१९२६च्या मार्चमध्ये एडमंड कागद घेऊन आमच्या बाकापाशी आला. "नव्या भट्टीचा अर्ज आहे, केझी. इथं सही कर."

तिनं हात पुसले आणि न वाचताच सही केली. सख्ख्या भावाचा कागद कोण वाचतं?

ऑक्टोबरात एक शिंपीणबाई तणतणत आली. "नवरीच्या झग्यात सुई मोडली, बाई! अर्धी माझ्या बोटात गेली. यार्नोल्ड म्हणून डोळे मिटून घेतल्या होत्या!"

पाकीट आमचंच, त्यावरचं नावही आमचंच. केझायानं त्यातली एक सुई वाकवली, ती कट्‌कन तुटली. दुसरीचं नेढं उजेडात धरलं. आत धार तशीच राहिलेली, दोरा कापणारी.

"ही माझ्या भट्टीतली नाही," ती म्हणाली आणि तडक कचेरीत गेली. मी मागोमाग.

एडमंडनं मानही वर केली नाही. "बर्मिंगहॅमच्या कारखान्याला नाव विकलंय. आता सुया ते करतील. आपलं नाताळला बंद."

"कोणाला विचारून?"

"तुझी सही आहे की."

"भट्टीचा अर्ज म्हणालास तू!"

"खरं सांगितलं असतं तर केली असतीस?"

"नाही."

"मग?"

दुपारपर्यंत सगळ्यांना कळलं, करारावर केझायाची मार्चमधली सही आहे हेही. आम्ही बत्तीस जण अंगणात जमलो. केझायाला लहानपणी ज्यानं कडेवर खेळवलं, तो म्हातारा बिंट पुढे झाला. "मार्चपासून ठाऊक होतं तुला, पोरी. रोज आमच्यात बसून चहा प्यायलीस."

"मला फसवलं, बिंटकाका. ही होती ना तिथं, विचारा हिला."

सगळे माझ्याकडे वळले. सही होताना मी हातभर अंतरावर होते. पण बर्मिंगहॅमच्या त्या कारखान्यात मला नोकरी मिळवून द्यायचं एडमंडनं आदल्याच आठवड्यात कबूल केलं होतं.

"माझं लक्ष नव्हतं," मी म्हणाले.

एप्रन काढून केझायानं दाराच्या खिळ्याला अडकवला आणि गेली.

जवळच्या स्टडली गावात ती माशांचे गळ करणाऱ्यांकडे कामाला लागल्याचं पुढे कानावर आलं. सहा वर्षांनी तिथल्या बाजारात ती दिसली, तेव्हा मी हाक मारली, "केझाया!"

तिनं मला नीट निरखलं. "तुमची गल्लत होतेय. मी मिस हॅडन," म्हणाली. हॅडन हे तिच्या आईचं माहेरचं आडनाव. मग ती मासेवाल्याशी बोलू लागली.