यादीत न लिहिलेली तीन नावं

"मॅडम, तुमचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आलाय," आरोग्य केंद्रातल्या डॉक्टर फोनवर म्हणाल्या. मग जरा थांबून, "संपर्कातल्यांची यादी मी विचारू, की तुम्हीच लिहून पाठवताय? तुम्हाला काय सांगायचं."

दुसऱ्या लाटेतला उन्हाळा होता. गुरुवार, सकाळचे अकरा. माझ्यापुढे टेबलावर दुसऱ्याच एका पेशंटची यादी अर्धवट लिहिलेली होती.

मी म्हसवडजवळच्या एका वस्तीवरच्या शाळेत शिक्षिका. शाळा बंद होत्या आणि आम्हा शिक्षकांना कॉन्टॅक्ट ट्रेसिंगची ड्युटी लागली होती. कॉन्टॅक्ट ट्रेसिंग म्हणजे संपर्कशोध. कुणी बाधित निघालं की गेल्या काही दिवसांत ते कुणाकुणाला भेटलं हे विचारायचं, त्या माणसांना गाठायचं, तपासणीला पाठवायचं आणि घरात वेगळं राहायला सांगायचं. हे काम मी कित्येक महिने दुसऱ्यांवर केलं. माझ्यावर वेळ आली तेव्हा मी काय केलं, ते इथे लिहिते आहे. ज्यांच्यावर अशी वेळ येईल त्यांनी वाचावं, एवढ्यासाठी.

आजाराची सुरुवात अगदी साधी होती. रविवारी सकाळी घसा खवखवत होता. उन्हातून फिरून आल्यामुळे असेल असं म्हणून मी मीठपाण्याच्या गुळण्या केल्या आणि अक्काकडे गेले. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. गावाबाहेर मळ्यात राहते. तिच्या वैशालीचं लग्न त्याच शनिवारी होतं. मोजक्या माणसांत, दारातच मांडव. साड्यांची घडी-मोड, आहेराची वाटणी असं बरंच काम होतं. आम्ही आतल्या खोलीत दार लावून, कूलर सुरू करून तीन-चार तास बसलो. अक्का, वैशाली, मी आणि अक्काचे यजमान, म्हणजे दाजी. दाजी फौजेतून सुभेदार होऊन रिटायर झालेले. साखरेचा आजार होता, पण ताठ माणूस. तोंडाला कुणाच्याच मास्क नव्हता. दुपारी एकत्रच जेवलो.

सोमवारी मला ताप आला. मंगळवारी लसणाची फोडणी नाकाला लागेना, तशी मी जाऊन स्वॅब दिला. नाकाघशातल्या स्रावाची ही तपासणी. तिला आरटीपीसीआर म्हणतात. तिचा रिपोर्ट गुरुवारी आला.

आता यादीविषयी. आमच्या फोनमध्ये सरकारी ॲप होतं. शेजारून बाधित माणूस गेला की ते ब्लूटूथवरून ओळखतं, असं आम्हाला सांगितलेलं. ब्लूटूथ म्हणजे दोन फोन जवळ आले की एकमेकांना ओळखण्याची सोय. पण वस्तीवर निम्म्यांकडे बटणाचे फोन. ज्यांच्याकडे चांगला फोन होता ते बॅटरी उतरते म्हणून ब्लूटूथ बंद ठेवायचे. दाजींचा फोन बटणाचा. अक्काला तर फोन घेऊन कॉल लावण्यापलीकडे काही येत नव्हतं. मी त्या खोलीत चार तास बसले होते हे कुठल्याही ॲपला कळणार नव्हतं. ते मीच सांगायचं होतं.

लोक नावं लपवतात हे मला चांगलं माहीत होतं. त्यांना मी रागवायचे. "आठवा. जेवायला कुणाशेजारी बसला होता?" असं खोदून विचारायचे. आणि सगळेच लपवत नव्हते. त्याच्या महिनाभर आधी पिंपळाखाली मेंढरं बसवलेल्या एका म्हाताऱ्या धनगराला विचारलं, तर त्यानं बोटांवर मोजत चौदा नावं सांगितली. चहावाल्याचंसुद्धा. वर म्हणाला, "बाई, आपल्यापायी कुनाचं वंगाळ नगं व्हायला." मी ही गोष्ट शाळेच्या ग्रुपवर मोठ्या कौतुकानं टाकली होती.

डॉक्टरांचा फोन ठेवल्यावर मी आधी अक्काला फोन लावला. तिथंच चुकले.

"आगं, मग आता?" अक्काचा आवाज बसला.

"तुमची तिघांची नावं द्यावी लागतील. उद्या माणसं येतील. तपासणी करून चौदा दिवस घरात राहायचं."

"आन् लगीन?"

मी टेबलावरची यादी उलटी करून ठेवली.

"शैला, माजं ऐक. आमची नावं लिवू नगंस. दाराला कागूद चिकटवत्याल. पावनं माघारी फिरत्याल. हे जमता जमता दोन वरसं गेली, तुला ठावं हाय. आमाला कुनाला काय बी झालं न्हाई. परवा अक्षता पडू देत, मग तू म्हणशील तितं येतो तपासाय."

"अक्का, दाजींना साखर आहे."

"गावचा द्येव सिद्धनाथ हाय की बघनारा. तू फकस्त गप ऱ्हा."

मी यादी लिहिली. अकरा नावं. माझे यजमान, शेजारीण, दुकानदार, बरोबरचे दोन शिक्षक. हाय रिस्क, म्हणजे ज्यांच्याजवळ मी बराच वेळ बिनमास्कची बसले, अशांच्या रकान्यात एकच नाव होतं, माझ्या यजमानांचं. यादी पाठवल्यावर डॉक्टरांनी फोन करून विचारलं, "एवढेच?"

"एवढेच," मी म्हणाले.

दुपारी माझं ॲप लाल झालं. नगरपालिकेच्या माणसानं दाराला सूचना चिकटवली. यजमान बाहेरच्या खोलीत, मी आतल्या. ते स्टुलावर ताट ठेवून मागे सरायचे, मग मी दार उघडायचे. घरात वेगळं राहणं म्हणजे विश्रांती, असं मी लोकांना सांगत आले होते. ते तसं नसतं. माणूस भिंतीकडे बघत स्वतःचा श्वास मोजत बसतो. दर चार तासांनी बोटाला ऑक्सिमीटर लावायचा. रक्तात ऑक्सिजन किती मिसळतो ते हे यंत्र दाखवतं. त्या आकड्याला सॅच्युरेशन म्हणतात. चौऱ्याण्णवच्या वर हवं. माझं शहाण्णव होतं.

शनिवारी लग्न लागलं. वैशालीनं फोटो पाठवले. एका फोटोत दाजी खुर्चीत बसलेले, मास्क हनुवटीखाली, फेटा जरा कलंडलेला. उन्हाचा त्रास होत असेल असं मी स्वतःला सांगितलं. सांगितलं म्हणजे, सांगत राहिले.

सोमवारी अक्काचा फोन आला. "ह्यास्नी जरा कणकण हाय. मांडवाचा शीण, दुसरं काय."

"आजच्या आज टेस्ट करा."

फोन दाजींनी घेतला. "अगं शैला, काय न्हाई. थोडा बुखार है, बस. मेडिकलातनं गोळी आणली हाय. तू तुझी काळजी घे."

मी डॉक्टरांना त्याच वेळी फोन करू शकत होते. केला नाही. का केला नाही, याचं उत्तर मी आजवर शोधते आहे. एवढंच कळलं की एक खोटं बोलल्यावर ते सांभाळायला माणूस पुढची सगळीच पावलं चुकीची टाकतो.

मंगळवारी माझं सॅच्युरेशन एक्याण्णववर आलं. म्हसवडला बेड नव्हता. ॲम्ब्युलन्सनं साताऱ्याला नेलं. तिथे एचआरसीटी केली. एचआरसीटी म्हणजे छातीचे बारीक कापांत घेतलेले फोटो. फुफ्फुस किती बिघडलंय याला पंचवीसपैकी गुण देतात. मला नऊ मिळाले. डॉक्टर म्हणाले, "वेळेत आलात. पालथं झोपायचं, जितका वेळ जमेल तितका." पालथं झोपलं की फुफ्फुसाचा मागचा भाग मोकळा होतो. मी उशीत तोंड खुपसून पडून राहिले. डॉक्टर, सिस्टर सगळे पांढऱ्या पोशाखात गुंडाळलेले, छातीवर पेननं नाव लिहिलेले. डोळ्यांवरून माणसं ओळखायची.

बुधवारी सकाळी यजमानांचा फोन आला. "दाजींना पण तिकडेच आणतायत. ऑक्सिजन ब्याऐंशी आहे."

दाजी वरच्या मजल्यावर, पुरुषांच्या वॉर्डात. त्यांचा स्कोअर एकोणीस. मला तपासायला येणारे डॉक्टरच त्यांनाही बघत होते. दुपारी ते सहज बोलावं तसं बोलले, "वर तुमच्या गावचे एक माजी सैनिक आलेत. शुगर वाढलेली. चार दिवस आधी आले असते तर हातात काहीतरी होतं. घरात कुणीच पॉझिटिव्ह नव्हतं म्हणतात, त्यामुळे तपासणीच झाली नाही."

नाकाला नळी होती. मी ती जरा बाजूला केली आणि म्हणाले, "ते माझे दाजी. माझ्याकडून झालंय. मी नाव दिलं नाही."

डॉक्टरांनी माझी नळी पुन्हा नीट बसवली. मग म्हणाले, "लग्नाला कोण कोण होतं, ते आता सांगता येईल?"

त्यांनी दुसरं काहीच म्हटलं नाही. मी त्यांची आजही ऋणी आहे.

आधी म्हसवडच्या डॉक्टरांना फोन केला. त्यांनी तारखा मोजल्या. मग म्हणाल्या, "रविवारची भेट. आज बुधवार. दहा दिवस झाले, मॅडम." नंतर वैशालीकडून सगळ्यांचे नंबर मागवले. का हवेत ते तिला सांगावं लागलं. ती फोनवर रडली नाही, फक्त नंबर एकेक करून पाठवत राहिली. पंचवीस माणसं. बेडवर बसून, दोन वाक्यं बोलायची आणि दम खायचा, असं करत मी दोन दिवस फोन लावले. नवऱ्या मुलाचे वडील ओरडले, "आमच्या घरात लेक दिली का रोग दिला?" मी म्हणाले, "शिव्या नंतर द्या. आज तपासायला जा." ते गेले. त्यांच्या आईला, ऐंशीच्या म्हातारीला, संसर्ग झालेला निघाला. लवकर कळलं म्हणून ती वाचली. आणखी तिघं निघाले, तेही बरे झाले. अक्काचा रिपोर्टही पॉझिटिव्ह आला. ती मळ्यात एकटी, दाराला कागद लावलेला.

वरच्या वॉर्डातल्या सिस्टर खाली आल्या की दाजींची खबर सांगायच्या. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "सुभेदार विचारत होते, शैला जेवती का." आठव्या दिवशी, "आज बोलले नाहीत." व्हेंटिलेटर लावला होता, म्हणजे श्वास यंत्र घेत होतं. नवव्या दिवशी दुपारी सिस्टर आल्या आणि माझ्या बेडच्या पायथ्याशी उभ्या राहिल्या. त्या काही बोलायच्या आधीच मला समजलं.

दाजींना घरी नेता आलं नाही. साताऱ्यातच अंत्यसंस्कार झाले. माझे यजमान एकटेच तिथे होते, तेही लांब उभे. त्यांनी लावलेल्या व्हिडिओ कॉलवर अक्कानं बघितलं. किती बघितलं, ते मला माहीत नाही.

मी बारा दिवसांनी घरी आले. जिना चढताना दोनदा बसावं लागायचं. केस गळाले, कुकरची शिटी झाली तरी छातीत धडधडायचं. हे सगळं होतं आणि हळूहळू जातं. ज्यांचं अजून चालू आहे त्यांनी घाबरू नये. श्वासाचे व्यायाम सोडू नयेत, इतकंच.

महिन्याभरानं अक्काकडे गेले. ती ओसरीवर डाळ निवडत बसली होती. मी तिच्या पायाशी बसले. डाळीतला खडा बाजूला टाकत ती म्हणाली, "मी गप ऱ्हा म्हनलं. मी अडानी. तू तर त्याच कामाची बाई हुतीस. तू माजं का ऐकलंस?"

मला वाटलं होतं ती मला शिव्या देईल, किंवा आपल्याच नशिबाला दोष देईल. तिनं हा सरळ प्रश्न विचारला. मी तिच्याबरोबर डाळ निवडली आणि संध्याकाळी घरी आले. आजही जाते. ती चहा करते. आम्ही शेजारी बसतो. क्षमा केली असं ती म्हणाली नाही आणि मीही विचारत नाही.

ड्युटी पुन्हा लागली तेव्हा मी ती घेतली. आता मी कुणावर ओरडत नसे. नाव सांगायला कुणी अडखळलं की मी माझ्या दाजींची गोष्ट सांगायचे, नाव-गावासकट. बहुतेक जण मग सांगून टाकायचे. एकदा एक बाई म्हणाली, "तुमी हे सांगता, तुमाला लाज न्हाई वाटत?" वाटते. म्हणूनच सांगते.

वाचणाऱ्यांना माझं म्हणणं एवढंच, की असा आजार उद्या पुन्हा आला तर यादी करताना आपल्या माणसाची परवानगी मागू नका. ते नाही म्हणणारच. माणूस लग्न, पेरणी, सण, शेजारपाजार बघतो. तुम्ही त्याचा श्वास बघा. तो मग तुमच्यावर चिडेल. चिडायला तो जिवंत असेल.

गेल्या दिवाळीत वैशाली माहेरी आली होती. तिची मुलगी अंगणात रांगोळी विस्कटत होती. वैशाली माझ्याजवळ बसली. एवढ्या वर्षांत ती त्या लग्नाविषयी एक शब्द बोलली नव्हती.

"मावशी, तू नाव दिलं असतंस तर लगीन मोडलं असतं का गं?"

"मोडलं असतं का, ते सांगता येत नाही. पण पुढं नक्की गेलं असतं."

"मग जाऊ द्यायचं हुतं," ती म्हणाली. "तुमी दोघींनी ठरवलं. मला कुनी इचारलंच न्हाई."