लांबचं दाखवणारा कॅमेरा

दुकानदाराने एकच प्रश्न विचारला होता. काउंटरवर माझ्या बजेटमध्ये बसणारे दोन छोटे कॅमकॉर्डर ठेवून तो म्हणाला, "यात झूम जास्त आहे. यात झूम कमी, पण बाहेरचा माइक लावता येतो. मॅडम, तुम्हाला लांबचं हवंय की आवाज?"

मी म्हणाले, "लांबचं."

घरी कारण सांगितलं ते समुद्र, पक्षी, सूर्यास्त. खरं कारण वेगळं होतं. फोन समोर धरला की आमच्याकडच्या बायका पदर सारखा करतात आणि गप्प बसतात. मग त्यांच्याशी बोलून त्यांना मोकळं करावं लागतं. ते मला कधी जमलं नाही. उरणला वाढूनही घरातली बोली मला फक्त समजते. बोलायला गेले की शाळेतलं इंग्रजी मध्ये येतं आणि सगळे हसतात. लांबून कुणाला काही न विचारता शूट करता आलं, तर मला हवंच होतं.

मला शूट करायचं होतं आत्याला. वडिलांची ही मोठी बहीण धवलारीण होती, लग्नात विधींची गाणी म्हणणारी. आमच्यात लग्नाचे विधी तिच्या धवल्यांशिवाय पुढे सरकत नसत. तिला किती गाणी येत होती कुणास ठाऊक. लिहिलेलं एकही नव्हतं. गुडघे गेल्यावर तिने लग्नांना जाणं सोडलं आणि गाणंही सोडलं.

डिसेंबरात आम्ही आत्याला घेऊन दोन दिवस नागावला गेलो. दुपारी जेवणं झाल्यावर आई आणि आत्या वाडीत चटई टाकून बसल्या. मी बऱ्याच अंतरावर एका माडाच्या आड उभी राहून कॅमेरा चालू केला. त्यांचं बोलणं मला अर्धवट ऐकू येत होतं.

"एक धवला म्हणा ना, ताई," आई म्हणाली.

"मांडव नाय, नवरी नाय. कनाला गाऊ गो?"

"नवरी आहे की. ती बघा, माडामागे लपलीय."

आत्या हसली. "ती? तिचा नवरा पन दुर्बिनीतून बगंल तिला."

आई पोट धरून हसली. मग आत्याने पदर डोक्यावर घेतला आणि गायला लागली. समुद्रावरून वारा सुटला होता. मला तुकडे तुकडे ऐकू येत होते, पण मी निश्चिंत होते. कॅमेरा ऐकतोय असंच मी धरून चालले होते. मध्येच तिने माझ्याकडे बघितलं आणि शेजारची चटई दोनदा थोपटली. शॉट सुंदर होता. मी झूम केलं.

ते फुटेज मी घरी आल्यावरही बघितलं नाही. नोकरी होती, कंटाळा होता. फेब्रुवारीत आत्याला अर्धांगवायू झाला. जीव वाचला, पण बोलणं गेलं. तेव्हा मी कार्ड लॅपटॉपला लावलं.

चित्र स्वच्छ आहे. तिच्या नाकातली मोरणी, मिठागरात राबून भेगाळलेली बोटं, ओठांची प्रत्येक हालचाल, सगळं दिसतं. ऐकू येतो फक्त वारा. हेडफोन लावून, आवाज वाढवून, एका एडिटिंग करणाऱ्या मैत्रिणीला पाठवून झालं. "अगं, यात आवाज नाहीच आहे, काढू कुठून?" ती म्हणाली.

आई सांगते, त्या धवल्यात आत्याने नवरीच्या जागी माझं नाव घेतलं होतं.

परवा आईबरोबर आत्याकडे गेले. तो व्हिडिओ दाखवायचा नव्हता, पण आईने आधीच सांगून ठेवलं होतं. आत्याने चांगल्या हाताने लॅपटॉपकडे बोट केलं. मी आवाज बंद करून लावला. ती स्वतःचे ओठ बघत राहिली. चटई थोपटण्याची जागा आली तेव्हा तिने माझ्याकडे बघितलं. मग पलंगावर शेजारी हात आपटला, एकदा, दोनदा. मी जाऊन बसले.

पडद्यावरचे ओठ बघत आईने पहिली ओळ जुळवून म्हणून पाहिली. आत्याने नाही म्हणून मान हलवली. आईने दुसऱ्या शब्दाने सुरुवात केली. आत्याने पुन्हा मान हलवली. मी व्हिडिओ मागे नेला. आईने पुन्हा सुरुवात केली.