चिखलोलीतली खोटी बिऱ्हाडं

चिखलोलीच्या नव्या बिल्डिंगमध्ये गंगू झाडलोट करायची. तिथं पुरा झालेला फ्लॅट एकच. बाकी नुसते खांब. पण पतपेढीचा तपासनीस यायचा असला, की सुपरवायझर संतोष त्याच फ्लॅटच्या दारावर नवा नंबर ठोकायचा.

"मावशी, दोरीवर चार कपडे टाका, चहा ठेवा. घर नांदतं दिसलं पाहिजे."

"आज कोणाची बायको मी?"

"आज मिसेस भोईर. परवाचं परवा बघू!"

गंगू हसायची. तपासनीस उभ्याउभ्या चहा प्यायचा, फोटो काढायचा आणि पाच मिनिटांत खाली उतरायचा. मोठ्या लोकांचे कागद असतील काहीतरी, असं तिला वाटे. तिला महिन्याचा पगार वेळेवर मिळत होता.

नवरा सुदाम अंबरनाथच्या कारखान्यात होता. तो गेल्यावर फंडाचे साडेचार लाख आले. मुलीच्या, प्रीतीच्या नर्सिंगसाठीच ते ठेवायचे होते. संतोष म्हणाला, "बँकेपेक्षा दोन टक्के जास्त देते आपली पेढी. मी आहे ना!" पेढीच्या चेअरमनची नवीकोरी गाडी बघून तर गंगूचा विश्वास आणखीच बसला. एवढा पैसेवाला माणूस आपले साडेचार लाख कशाला बुडवील? तिनं सगळे पैसे पेढीत ठेवले.

जूनमध्ये पेढीचं शटर पडलं. प्रीतीची फी आठ दिवसांवर आलेली. पेढीच्या उल्हासनगरच्या ऑफिसात सरकारनं नेमलेले साहेब ठेवीदारांना सांगत होते, "चिखलोलीत न बांधलेल्या घरांवर कर्जं दिली गेलीत. नावं खोटी, घरं खोटी. पैसे मात्र तुमचे गेले."

गंगू बोटांवर नावं मोजू लागली. मिसेस भोईर, मिसेस गायकर, मिसेस ठोंबरे... सुदामचे पैसे ज्या घरांवर गेले, ती घरं तिनंच नांदती करून दाखवली होती.

संतोष साइटवरच सापडला.

"तुला ठाऊक होतं?"

"वरून सांगायचे, मी करायचो."

"आणि तुझी ठेव?"

तो फोनकडे बघत म्हणाला, "मी मार्चमध्येच काढली, मावशी."

"मार्चमध्ये माझ्या घरी येऊन जेवलास तू. तेव्हा तोंड शिवलं होतं का रे?"



पोलीस चौकीत गंगूची तक्रार लिहिताना हवालदारानं पेन थांबवलं. "बाई, ते बायको बनण्याचं गाळू या. तुम्हीच अडकाल."

प्रीतीनं आईचा दंड घट्ट धरला.

"लिहा," गंगू म्हणाली. "माझं नाव आधी घाला. नाहीतर संतोषबद्दल मी सांगते ते कोण खरं मानेल?"