पुईसामचा अंगठा आणि युतहिंगचं सूप

युतहिंगला त्या अंगठ्याची किळस आली होती. इतकी वर्षं ज्या माणसाचे मळके सदरे तिने हाताने धुतले, त्याच्याच पायाकडे तिला बघवेना. उजव्या पायाचा अंगठा पिकल्या टोमॅटोसारखा तटतटलेला, कातडी ताणून चकचकीत झालेली, आणि त्यावर तिनेच थापलेला लेप. मोक वैद्यांनी दिलेली पिवळी पूड ती मधात कालवून लावायची. लेप वाळला की तडकायचा, त्याचे पापुद्रे अंथरुणात पडायचे, आणि वास असा की नाकाला बाही लावल्याशिवाय जवळ जाता येऊ नये.

दुखणं गाउटचं, सांध्यात युरिक ॲसिडचे खडे साठण्याचं. पण नवरा पुईसाम याला दुखण्यापेक्षा घोर होता ढोलाचा. गावची ड्रॅगनच्या तोंडाची लांब होडी, लाकूड वाळून तडकू नये म्हणून, वर्षभर कालव्याच्या चिखलात पुरलेली असायची. चिनी पंचांगाच्या चौथ्या महिन्यात तिला उकरून काढायचं आणि पाचव्या महिन्यातल्या सणाला शर्यतीत उतरवायचं. त्या होडीत उभं राहून ढोल वाजवायचा मान तरुणपणापासून पुईसामचा. आता सत्तरी उलटली होती. एका सणाला उभं राहता आलं नाही की ढोल दुसऱ्याच्या हातात जाणार, आणि गेलेला ढोल परत येत नाही. वल्ही मारणारे येताजाता विचारायला लागले होते, "काका, पाय टेकतोय ना?"

म्हणून युतहिंगने पथ्याला कंबर कसली. बिअर बंद. भाजलेलं बदक, आतडी-काळीज, कोळंबी, शिंपले, सगळं बंद. हॉस्पिटलच्या गोळ्या चालूच होत्या, त्या मोक वैद्यांनीही थांबवू दिल्या नव्हत्या. शिवाय मातीच्या भांड्यात मुळ्या-साली उकळून काळाकुट्ट काढा. घराला कुजक्या लाकडासारखा वास येई. आणि एवढं करूनही अंगठा पुन्हा पुन्हा फुगे.

"आ करा," ती म्हणायची.

"अगं, मी काय पोर आहे?"

"आ करा म्हणते ना. बिअर प्यायलात."

"चहा प्यायलो. देवाशपथ."

"देवाला मधे आणू नका. त्याला तुमचं तोंड हुंगावं लागत नाही."

पुईसामचे खिसे तपासणंही तिला किळसवाणं वाटे, पण ती तपासायची. कधी काही सापडलं नाही. म्हणजे हा माणूस चोरून खाण्यातही तरबेज झालाय, असं तिने मनाशी ठरवून टाकलं.

शेवटी ती त्याला ओढत वैद्यांकडे घेऊन गेली. मोक वैद्यांनी नाडी धरली, जीभ बघितली आणि तोंड वाकडं केलं.

"जिभेवर पिवळी चिकट साय आहे. आतली उष्णता गेलेली नाही. खातो काय हा?"

युतहिंगने ताठ मानेने सगळं पथ्य सांगितलं.

"आणि सूप?"

"सूप रोजचंच. पण ते काय खाणं थोडंच आहे? त्यातलं मांस मी यांना देत नाही हो. चोथा सगळा कोंबड्यांना. यांना नुसतं वरचं पाणी."

"कशाचं पाणी?"

"डुकराची हाडं, कमळकाकडी, सुकवलेला ऑक्टोपस. सकाळी मंद आचेवर चढवते, जेवायच्या वेळेला उतरवते. सासूबाईंनी शिकवलेलं आहे."

वैद्यांनी पेन खाली ठेवलं. "बाई, अंगठ्यात जाऊन टोचतं ते सगळं त्या पाण्यात उतरतं. ते तुम्ही नवऱ्याला पाजलंत, आणि पथ्याचं जेवण घातलंत कोंबड्यांना."

"तरीच," बाकावरची एक म्हातारी म्हणाली, "हिच्या कोंबड्या कशा टणाटण उड्या मारतात."

युतहिंग घरी आली तेव्हा भांडं चुलीवर रटरटत होतं. तिने झाकण काढलं. चरबीचे पिवळे डोळे वर तरंगत होते. हाच वास तिला जन्मभर घराचा वास वाटत आला होता. आज तिने नाक मुरडलं. तिने भांडं उचललं आणि मोरीत उपडं केलं.

"सूप ओततेस?" पुईसाम पलंगावरून ओरडला. "डोकं फिरलं का तुझं?"

"ढोल हवाय की सूप?"

त्यानंतर रोज कोहळ्याचं सपक पाणी आणि मक्याच्या केसांचा काढा. "गटारात बुडवून आणलंस का?" असं म्हणत तो प्यायचा. पण अंगठा बसला. होडी चिखलातून वर आली त्या दिवशी तो कापडी बूट घालून काठावर उभा राहिला आणि सगळ्यांसमोर पाय आपटून दाखवला.

सणाच्या आदल्या दिवशी तो धाकट्या बहिणीकडे, आलिनकडे, पूर्वजांना उदबत्ती लावायला गेला. परतला तो भलताच खुशीत. सकाळी उठेना. युतहिंगने पांघरूण बाजूला केलं.

तोच टोमॅटो.

"काय खाल्लंत?"

"काही नाही. मांसाला हातसुद्धा लावला नाही." त्याने भिंतीकडे तोंड केलं. "नुसतं सूप. दोनच वाट्या."

तिला शिसारी आली. त्या पायाची, त्या जिभेची, आलिनच्या चुलीची, आणि आदल्या संध्याकाळी त्याच्या सदऱ्याला येणाऱ्या वासाने आपल्याही तोंडाला पाणी सुटलं होतं त्याचीसुद्धा. शिव्या तोंडाशी आल्या होत्या, पण ती उठून देवघरापाशी गेली. करुणेच्या क्वुनयाम देवीपुढे रोजच्यासारखी उदबत्ती लावली. मागितलं काही नाही. जिभेवर देवी तरी काय करणार?

कालव्यावरून ढोल ऐकू येऊ लागला. हात दुसऱ्याचा होता, ठोका जरा घाईचा. पुईसामची बोटं पलंगाच्या फळीवर खरा ठोका धरत होती.

"बोटं थांबवा," ती म्हणाली.

बोटं थांबली. तिने पूड मधात कालवली, नाकाला बाही लावली आणि त्याचा पाय मांडीवर ओढून घेतला.

"लेप फार गार आहे गं," तो पुटपुटला.

"सूप गरम होतं ना?" युतहिंग म्हणाली. "मग झालं तर."