पहिला घाव कृष्णाजींचा

मल्लेश्वरमच्या त्या गल्लीत भोपळा निवडावा तर कौशल्याबाईंनीच, असं सगळे म्हणत. देठ वाळलेला हवा, आकाराच्या मानानं भोपळा जड हवा आणि शेवटी अंगठ्याचं नख दाबून बघायचं. रुतलं की कोवळा, बाजूला ठेवा. बाई एवढ्या परीक्षा घेत की भाजीवालाच घामाघूम होई. पण घरी आणल्यावर त्या भोपळ्याला हत्यार लावायच्या नाहीत. अख्ख्या भोपळ्यावर बाईनं पहिला घाव घालायचा नाही, तो पुरुषानं घालायचा, ही त्यांच्या घरात पिढ्यानपिढ्या चालत आलेली रीत. म्हणून ते काम त्यांच्या नवऱ्याचं, कृष्णाजींचं. भोपळा केशरी निघाला की "माझी निवड!" आणि फिका निघाला की "तुम्हीच वेडावाकडा कापलात!" असा पस्तीस वर्षांचा न्याय होता. कृष्णाजींना तो मनापासून आवडायचा.

चौऱ्याण्णव साली त्यांना अर्धांगाचा झटका आला. पाय पुन्हा चालू लागले, बोलणं सुधारलं, उजवा हात तेवढा रुसून बसला. जन्मभर कारखान्यात लेथ चालवलेला हात आता चहाची बशी धरताना थरथरायचा. तेव्हापासून घरात अख्खा भोपळा आला नाही. कौशल्याबाई बाजारातून कापलेली फोड आणत, तीही पिशवीच्या तळाशी, कोथिंबिरीखाली दडवून. कृष्णाजींना ते दिसायचं. एकदा शेजारच्या सगुणाबाई म्हणाल्या, "अक्का, अख्खा आणा की. कापायला आमच्या दत्ताला पाठवते." चांगल्या मनानंच म्हणाल्या बिचाऱ्या. पण कृष्णाजी त्या दिवशी धड जेवले नाहीत. आपल्या घरचा भोपळा शेजारच्या दत्तानं कापायचा, म्हणजे आपण भिंतीवरच्या फोटोत जमा झालो, असं त्यांना वाटलं.

दुसऱ्या वर्षी नवरात्राच्या आधी देवाप्पा भेटायला आला. हा कारखान्यातला जुना सोबती, निवृत्त झाल्यावर मारतहळ्ळीला आपल्या शेतात रमलेला. "अण्णा, भोपळे तयार झालेत, या," तो म्हणाला. कृष्णाजींनी क्षणाचाही विचार केला नाही. "येतो. घारग्यांना अख्खा न्यायचाय." कौशल्याबाईंनी त्यांच्या हाताकडे एकदा पाहिलं.

रविवारी दोन बस बदलून दोघं शेतावर पोचले. बरेचसे वेल वाळून गेले होते आणि भोपळे उन्हात ऐसपैस पसरले होते. कौशल्याबाई तासभर फिरल्या. वाकल्या, उचलून पाहिलं, टिचक्या मारल्या. मग शेताच्या कडेचा एक लहानसा भोपळा घेऊन आल्या. "हाच घेऊ या."

देवाप्पा चपापला. "अक्का, तो स्वल्प कोवळा आहे. देठ हिरवा आहे बघा."

"असू दे. मला हाच हवा."

कृष्णाजींनी डाव्या अंगठ्याचं नख सालीवर दाबलं. ते लोण्यात शिरावं तसं आत गेलं. मग त्यांच्या लक्षात आलं. बाई चुकली नव्हती. तासभर शेत तुडवून तिनं मुद्दाम मऊ सालीचा भोपळा शोधला होता, त्यांच्या या हातानं कापता येईल असा. भोपळ्याच्या बाबतीत कुणाच्या बापाचं न ऐकणारी ही बाई, परक्यासमोर स्वतःचं हसं करून घ्यायला तयार झाली होती. कृष्णाजींना भरून आलं आणि तितकाच रागही आला.

"हा गुरांना घाल, देवाप्पा," ते म्हणाले आणि स्वतः वाकले. देठ पाहिला, वजन पाहिलं, नख दाबलं. इतकी वर्षं बघून बघून परीक्षा पाठच झाली होती. तिसऱ्या भोपळ्यावर नख वाकलं, पण रुतलं नाही. "हा."

"अहो, दगड आहे तो!"

"सरी, बरं तर. मग दगडच न्यायचा."

घरी आल्यावर भोपळा पाटावर बसला. कृष्णाजींनी दोन्ही हातांनी कोयता धरून सालीवर दाबला. तो घसरला. पुन्हा घसरला. तिसऱ्यांदा सालीवर नुसता ओरखडा उठला आणि त्यांच्या कपाळावरून घाम ओघळला. कौशल्याबाई उठून बाहेर गेल्या. आता ही दत्ताला हाक मारणार, असं वाटून कृष्णाजींनी मान खाली घातली.

त्या परसातून आल्या त्या वरवंटा घेऊन. समोर मांडी घालून बसल्या. "धार टेकवून घट्ट धरा. मी नुसती वरून ठोकते."

"मग घाव कुणाचा?"

"कोयता कुणाच्या हातात आहे?"

कृष्णाजींनी कोयता धरला. डावा हात उजव्याला दाबून होता, दोन्ही थरथरत होते, पण धार हलली नाही. चौथ्या ठोक्याला भोपळा कडकन उकलला. आतून असा केशरी निघाला की दोघंही घटकाभर बघतच राहिले.

"निवड कुणाची?" कृष्णाजींनी विचारलं.

"तुमची," बाई म्हणाल्या. पस्तीस वर्षांत पहिल्यांदाच म्हणाल्या.

एवढा मोठा भोपळा दोघांना कसा संपणार? संध्याकाळी शेजारी वाटायला फोडी केल्या. सगुणाबाईंची फोड कृष्णाजी स्वतः घेऊन गेले. रंग पाहून सगुणाबाईंनी तोंडभरून कौतुक केलं आणि सहज विचारलं, "अण्णा, कापला कुणी?"

कृष्णाजी खरं काय ते सांगणार, तोच मागून, आपल्या घराच्या दारातून कौशल्याबाईंचा आवाज आला. "आमच्या घरी भोपळा कोण कापतं? हेच!"