पावणेदोनचा नंबर

राजुऱ्याला आमच्या अब्बांचं चष्म्याचं दुकान आहे, आणि तरीही मला चष्मा लागलाय हे सगळ्यात शेवटी कळलं ते अब्बांनाच. चूक माझीच. शाळा सुटली की मी दुकानात जाऊन बसायचे. भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता रोज समोर. अब्बा मधूनमधून माझेही डोळे तपासायचे आणि मी शेवटची ओळ धडाधड म्हणून दाखवायचे. ती मला पाठ होती, दिसत नव्हती. आठवीत बाईंनी फळ्यावरचं गणित वाचायला लावलं तेव्हा बिंग फुटलं.

"तीस वर्सं झाले लोकायचे नंबर काढून राह्यलो," अब्बा अम्मीला म्हणाले, "आन् घरची पोरगी आंधळ्यावानी फिरून राह्यली." त्याच संध्याकाळी त्यांनी स्वतः काच घासून मला चष्मा करून दिला. पुढे दर वर्षी नंबर वाढत गेला आणि पावणेदोनवर येऊन थांबला. मला त्याचं काही वाटत नव्हतं.

वाटायला लागलं ते कॉलेजात. चंद्रपूरला मी एनसीसीत होते. एका शिबिरात आम्हाला दोन सीटच्या छोट्या विमानातून एक चक्कर मारून आणलं. माझी पाळी दहाएक मिनिटांची असेल. खाली उतरले तेव्हा मला दुसरं काहीही व्हायचं नव्हतं. शिबिरातल्या अधिकाऱ्यांना मी विचारलं. ते माझ्या चष्म्याकडे बघून म्हणाले, "या नंबरवर हवाई दलात पायलट होता येणार नाही. लेझर केलेलं चालतं, पण वय वीसच्या वर हवं, आणि ऑपरेशन होऊन वर्ष उलटल्याशिवाय मेडिकलला उभं करत नाहीत."

मी घरी येऊन हे सांगितलं. अब्बांनी हातातली फ्रेम खाली ठेवली.

"डोळा म्हंजे काय काच होय का घासायले?"

"अब्बा, आजकाल किती लोक करतात."

"करू दे त्याईले."

त्यांची भीती मला कळत होती. डोळा बिघडलेला माणूस सगळीकडे फिरून शेवटी आमच्या काउंटरशी यायचा आणि विचारायचा, "भाऊ, याच्यावर एखांदी काच नाई का?" त्या माणसांना नाही म्हणताना अब्बांचा चेहरा कसा व्हायचा, ते मी लहानपणापासून पाहिलं होतं. म्हणून मी हट्ट केला नाही. रोज फक्त एकदा विचारायचे. वीस वर्षं पूर्ण झाली तरी विचारतच होते. एक दिवस ते म्हणाले, "चाल नागपूरले. डॉक्टरचं आयकून तं घेऊ."

डॉक्टरीणबाईंनी बऱ्याच यंत्रांवर डोळे तपासले. बुबुळाचा पडदा पुरेसा जाड होता. मग त्यांनी विचारलं, "नंबर किती वर्षांपासून स्थिर आहे? काही कागद?"

मी नाही म्हणणार, तेवढ्यात अब्बांनी शर्टाच्या खिशातून रबर लावलेल्या चिठ्ठ्या काढल्या. आठवीपासूनची माझी प्रत्येक चिठ्ठी होती. शेवटच्या तिन्हींवर पावणेदोन. ते नुसतं ऐकायला आले नव्हते, हे मला तेव्हा कळलं.

"हे नंबर कोणी काढलेत?" बाईंनी विचारलं.

"मीनंच, मॅडम."

"आमच्या मशीनवर तेच आलेत."

अब्बा खुर्चीत जरा सरळ बसले.

बाईंनी दोन पद्धती समजावल्या. एकीत पडद्याचं पातळ झाकण कापून उघडतात. त्यात आराम लवकर पडतो. दुसरीत वरची साल काढून खाली लेझर देतात; त्यात तीन दिवस चांगलंच दुखतं आणि नजर यायला महिने लागतात, पण झाकणच नसल्यामुळे ते सरकायची भीती नसते. "तुम्हाला विमान चालवायचंय. तुमच्यासाठी मी दुसरी करीन," त्या म्हणाल्या.

ऑपरेशनला एकेका डोळ्याला काही मिनिटंच लागली. थेंबांनी डोळा बधिर झाला होता, पापण्या चिमट्याने उघड्या धरल्या होत्या, आणि मला एका हिरव्या ठिपक्याकडे बघत राहायचं होतं. केस जळल्यासारखा वास आला. तो माझ्याच डोळ्याचा वास आहे हे मनात आलं आणि मी पायाची बोटं घट्ट आवळून धरली. ठिपका मात्र सोडला नाही.

पुढचे तीन दिवस आम्ही नागपुरात भाड्याच्या खोलीत काढले. मिरची चिरलेल्या हाताने डोळे चोळल्यासारखं होत होतं. खिडकीला चादर लावून अब्बा बाजूला स्टुलावर बसायचे. वेळ झाली की म्हणायचे, "वर पाह्य बेटा," आणि थेंब टाकायचे. दुसऱ्या दिवशी मी रडले. त्यांनी "मी सांगतलं होतं" असं एकदाही म्हटलं नाही.

राजुऱ्याला परतल्यावर खरी काळजी सुरू झाली. महिना झाला तरी सगळं धुक्यातून पाहिल्यासारखं. धूळ टाळायची, धावायचं नाही, पुस्तक वाचायला घेतलं तर अक्षरं दुहेरी. सातवी शिकलेली अम्मी हवाई दलाच्या परीक्षेसाठीचं सामान्यज्ञानाचं पुस्तक घेऊन बसायची आणि बोट ठेवून ठेवून मला वाचून दाखवायची. देशांच्या राजधान्या तिला माझ्याआधी पाठ झाल्या. वाचून झालं की कधी बदामाचा शिरा, कधी तूप घातलेला दलिया. "डोळ्याले ताकत पाह्यजे," म्हणायची. तक्त्यासमोर मी स्वतःहून उभी राहिले नाही, आणि अब्बांनीही उभं केलं नाही. दोघांनाही उत्तराची भीती होती. डॉक्टरीणबाई फोनवर एवढंच म्हणायच्या, "घाई करू नका. भरून येतंय."

तिसऱ्या महिन्यात मी कॉलेजच्या कामाने चंद्रपूरला गेले. येताना बसस्टँडवर शेजारी एक म्हातारी बाई बसली होती, मांडीवर पिशवी घेऊन. फाटकातून एक एसटी आत वळली.

"बाई, हे कुठची गाडी होय?" तिने विचारलं.

"गडचिरोली. मूलवरून जाते," मी सांगितलं.

"हेच माही गाडी," म्हणत ती पिशवी उचलून निघालीसुद्धा. आणि मी तशीच बसून राहिले. गाडी अजून फाटकापाशी होती. पाटीवरची अक्षरं मी वाचली होती, खालचं बारीक 'मार्गे मूल'सुद्धा, आणि वाचताना मला कळलंही नव्हतं. मग मी स्टँडवरच्या सगळ्या गाड्यांच्या पाट्या वाचून काढल्या. एकेक डोळा झाकून पुन्हा वाचल्या. शेजारचा माणूस माझ्याकडे बघायला लागला, तेव्हा थांबले.

अब्बांना फोन करून सांगितलं. ते म्हणाले, "दुकानात गिऱ्हाईक हाये, मांगून बोलतो." मागून अम्मीचा आवाज आला, "कुठचं गिऱ्हाईक? काऊन रडून राह्यले?"

वर्ष उलटलं. लेखी परीक्षा झाली, मुलाखतींचे पाच दिवस झाले, आणि मग मेडिकल. फौजेतल्या नेत्रतज्ज्ञ बाईंनी पडद्याची जाडी मोजली, डोळ्याची लांबी मोजली, अंधाऱ्या खोलीत कितीतरी वेळ दुर्बिणीतून पाहिलं. शेवटी त्यांनी कागदावर सही केली. "डोळे फिट. काम छान झालंय."

मी हवेतच होते. पण शेवटच्या टेबलावर माझ्या कागदावर 'तात्पुरते अपात्र' असा शिक्का बसला.

"कशासाठी, सर?"

"वजन. साडेचार किलो जास्त. कमी करून पुन्हा या."

मला हसू आवरेना. समोरचे डॉक्टर चक्रावले. अपात्र ठरून हसणारी मुलगी त्यांनी बहुधा पहिल्यांदाच पाहिली असेल. वजन माझ्या हातातलं होतं. डोळे नव्हते.

घरी सांगितलं तेव्हा अब्बा अम्मीला म्हणाले, "घे, अजून चार तिले शिरा." अम्मी दोन दिवस फुगून होती, आणि मग तिनेच मला रोज पहाटे उठवायला सुरुवात केली. मी जोगापूरच्या रस्त्याने धावायचे आणि अब्बा मागून लुनावर यायचे, कारण त्या बाजूला जंगल लागतं आणि वाघाचा भरवसा नसतो. पाच आठवड्यांनी मी पुन्हा काट्यावर उभी राहिले आणि पास झाले.

प्रशिक्षणाला हजर होण्याचं पत्र दुपारी आलं. अब्बांनी ते दोनदा वाचलं, अम्मीने मोठ्याने एकदा. शेजारी पेढे वाटून झाले. मग मी आतल्या खोलीत जाऊन आडवी झाले आणि संध्याकाळच्या मगरिबच्या अजानपर्यंत गाढ झोपले. कोणी उठवलं नाही.